आठवा ठोका

मी एक जुनी लाली आहे. हसू नका, मित्रांनो! गालावरची लाली नव्हे, पहाटेच्या आभाळातली तर नव्हेच. आमच्या फिजी बेटांवर लाकडी नगाऱ्याला लाली म्हणतात. मला कातडं नाही की पितळ नाही. वेसीच्या झाडाचा एक अखंड बुंधा पटाशीनं पोखरून मला काठवटीसारखं केलं. दोन आखूड दांडक्यांनी माझ्या काठावर ठोका दिला, की आवाज खाडी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येतो.

मला घडवलं ते मला वाजवणाऱ्या फिलिमोनीच्या आजोबांनी. रोज प्रार्थना म्हणायची आणि मगच पटाशी हाती घ्यायची, असा त्यांचा नेम. ते म्हणत, "बाई गं, तुला पोकळ करतोय म्हणून रुसू नकोस. जे पोकळ होतं, त्यातच देवाचा आवाज घुमतो." तेव्हा दुखत होतं. आज पटतं.

पुढं मी वुनिदिलो गावची झाले. जन्माचा ठोका वेगळा, मरणाचा वेगळा, प्रार्थनेचा वेगळा, संकटाचा वेगळा. गाव माझी बोली ओळखत असे. पण माझा खरा जीव रविवारच्या गाण्यात. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रवचन नुसतं बोलून संपत नाही. म्हाताऱ्या बायका पवित्र ग्रंथातली कथा गाऊन सांगतात. एकजण ओळ उचलते, बाकीच्या झिलकऱ्यांसारख्या मागून धरतात, मांडीवर टाळी पडते, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांना कधी पाणी येतं ते त्यालाही कळत नाही. ओळ उचलणारी होती उनाइसी. सारं गाव तिला बुबू म्हणतं, म्हणजे आजी. तिचा आवाज काही गोड नव्हता. जरा चिरकाच होता, पण त्यात भाव असा की दगडालाही पाझर फुटावा.

मग देवळावर भोंगा आला, शाळेला विजेची घंटा आली, आणि मी अडगळीत गेले. माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालू लागल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? नाही म्हणायला वर्षातून एक दिवस मला अंगणात काढत. तो झेंड्याचा दिवस.

शाळेपुढच्या मैदानात झेंड्याचा खांब आहे आणि खांबाशी एक दगड. दगडावर लिहिलंय, 'रणात पडलेले'. खाली सात नावं. दोघं जुन्या महायुद्धातले, पाच जण परक्या वाळवंटात शांतता राखायला गेलेले शिपाई. त्या दिवशी झेंडा आधी पार टोकाला चढवायचा, मग हळूहळू निम्म्यावर उतरवायचा. मग एकेक नाव पुकारायचं आणि प्रत्येक नावाला माझा एक ठोका. सात नावं, सात ठोके. मग झेंडा पुन्हा टोकाला.

एका साली मोठं वादळ आलं. भोंगा उडाला, वीज गेली, तेव्हा कुठं फिलिमोनीला माझी आठवण झाली. त्यानं माझ्यावर संकटाचा ठोका दिला आणि लोक टेकडीकडं धावले. नदीपलीकडच्या वाडीतली माणसं अडकली होती. त्यांना आणायला होडी घेऊन गेला एमोरी. हा बुबू उनाइसीचा एकुलता एक मुलगा, पोलीस शिपाई. दोन फेऱ्यांत त्यानं अकरा माणसं आणली. तिसऱ्या फेरीची होडी परत आली नाही. मित्रांनो, ज्या वादळानं मला अडगळीतून बाहेर काढलं, त्यानंच बुबूचं घर रिकामं केलं. हे मी विसरू शकत नाही.

पुढच्या झेंड्याच्या दिवसाआधी बुबूनं गावच्या कारभाऱ्याला, आपोरोसाला, हळूच विचारलं, "माझ्या पोराचं नाव घेशील का रे?"

आपोरोसा चांगला माणूस, पण नियमाला बांधलेला. मान खाली घालून म्हणाला, "बुबू, दगडावर आहेत तेवढीच नावं. थोरल्या सरदारांनी घालून दिलंय. मी कोण मोडणारा?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण देवळात ओळ उचलणंही थांबवलं. दुसऱ्या बायका उचलायच्या, नीट म्हणायच्या, पण रंग भरेना. आणि दर वर्षी मैदानात, सातव्या ठोक्यानंतर, पहिल्या रांगेतली बुबू हनुवटी वर करायची. जणू आणखी एक ठोका येतोय. मग चटईचा धागा उसवत बसायची. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या वर्षी झेंडा चढवायला पोलिसांची तुकडी होडीनं आली, समोरच्या बेटावरची. हवालदार कोलिनियो, पोट सावरत उतरला तो ओरडतच.

"काय रे खेकड्या, जिवंत आहेस अजून?"

"तुला पुरल्याशिवाय कसा मरेन?" आपोरोसानं हात पसरले. "तुमच्या बेटावर कसाव्याचे कंद संपले वाटतं! झेंड्याचं निमित्त करून जेवायला आलास."

"तुमच्या गावचं जेवण? आमची डुकरं नाक मुरडतात!"

मित्रांनो, हे भांडण नव्हे. आमच्या गावाचा आणि त्या बेटाचा मूळपुरुष एकच, म्हणून आम्ही एकमेकांचे ताउवू. ताउवूनं काहीही बोलावं, घरातली कुठलीही वस्तू उचलावी, समोरच्यानं रागवायचं नाही की परत मागायची नाही. रागावला तो पूर्वजांना हसला. मागल्या खेपेला कोलिनियोनं आपोरोसाचा कोंबडा नेला होता. आज त्यानं आपोरोसाची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली, आणि त्याच्या हातातला नावांचा कागदही ओढला. सारे हसले.

कागद वाचता वाचता कोलिनियोचं हसू मावळलं.

"एमोरी कुठंय?"

"तो पोलीस होता. ही यादी रणात पडलेल्यांची," आपोरोसा पुटपुटला.

"यातले पाच तर शांतता राखायला गेले होते. त्यांना रण चालतं, मग नदीनं काय घोडं मारलं? पोराला होडी मी शिकवली होती, खेकड्या. मी."

"दगडावर नाही ना रे. माझ्या हातात काय आहे?"

"काहीच नाही. कागद आता माझ्या हातात आहे." कोलिनियोनं तो छातीशी धरला. "मी तुझा ताउवू. मी उचललं ते माझं. या यादीत मी काय वाटेल ते लिहीन. रागावतोस? रागाव बघू!"

 आपोरोसानं खिशात हात घातला आणि हळूच म्हणाला, "पेन्सिल देऊ?"

इतकी वर्षं त्या बिचाऱ्याच्याही गळ्यात तो दगड होता, हे मला तेव्हा कळलं.

झेंडा टोकाला गेला, निम्म्यावर आला. कोलिनियो नावं पुकारू लागला. फिलिमोनी आता ऐकायला कमी, पण हात सरावलेला. सात नावं, सात ठोके. सातवा दिला आणि त्यानं नेहमीप्रमाणं दोन्ही दांडकी माझ्या पोटात आत टाकून दिली. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं!

कोलिनियोचा आवाज चढला, "पोलीस शिपाई एमोरी!"

 बुबूची हनुवटी वर. आणि ठोका नाही. माझा जीव नुसता कासावीस. मी स्वतःहून कशी वाजणार? पाद्रीबाबांनी फिलिमोनीच्या कानाशी नाव सांगितलं. त्याचे डोळे मोठे झाले. तो दांडकी चाचपू लागला, ती आत घरंगळून गेलेली. मग त्यानं शोधणं सोडलं. मूठ वळली आणि माझ्या काठावर मारली.

दांडक्याचा ठोका कानात जातो. मुठीचा छातीत उतरला. इतका खोल आवाज माझ्या पोटात आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

तो विरायच्या आत एक चिरका आवाज उठला. बुबूनं बसल्या जागी ओळ उचलली होती. मेंढपाळ हरवलेल्या एका मेंढराला शोधायला निघतो, ती कथा. बायकांनी मागून धरली, मग पुरुषांनी, मग पोलिसांच्या तुकडीनंही. कोलिनियोनं दोरी ओढली आणि झेंडा त्या गाण्यावरच टोकाला चढला. देव भावाचा भुकेला म्हणतात ना, तो त्या दिवशी आमच्या मैदानात पोटभर जेवला.

नंतर लोकही जेवले. नारळाच्या दुधातले मासे, भाजलेला कसावा. कोलिनियोनं तीनदा वाढून घेतलं आणि टोपी काही परत दिली नाही.

आता दगडावर आठ नावं आहेत. दर वर्षी सातव्या ठोक्यानंतर फिलिमोनी दांडकी बाजूला ठेवतो आणि आठवा ठोका मुठीनंच देतो. चूक होती ती, रीत झाली.

मित्रांनो, माझ्यासारखं लाकूड वाजलं नाही तर त्याला कीड लागते. जे आपल्यासाठी गेले, त्यांच्या नावांचंही तसंच आहे. दगडावर कोरून ती टिकत नाहीत. मुखानं घ्यावी लागतात. तुमच्या गावातही एखादी आई हनुवटी वर करून बसली असेल. तिच्या लेकाचं नाव घ्या. दांडकं सापडलं नाही, तर मुठीनं ठोका द्या.