पांढरी कड

मी लाकडी कॅमेरा बोलतोय. हौस म्हणून नव्हे. साठ वर्षं गप्प होतो, तसाच राहिलो असतो. पण या मॅरेननं, गावातल्या छोट्या संग्रहालयाची व्यवस्था बघणाऱ्या बाईनं, माझ्यापुढं एक पुठ्ठा लावलाय. मला वाचता येत नाही, पण येणारा-जाणारा मोठ्यानं वाचतो: 'भुताचा फोटो काढणारा कॅमेरा'. पोरं काचेला नाक लावून म्हणतात, दाखव भूत. मी काय गारुडी आहे? भूतबित काही नसतं. खोटं लिहिलंय म्हणून तोंड उघडावं लागतंय.

माझं अंग चेरीच्या लाकडाचं, कोपरे पितळेचे, आणि मधे बकऱ्याच्या कातड्याचा भाता. ज्या म्हाताऱ्यानं तो भाता चिकटवला, त्यानं अंधाऱ्या खोलीत आत दिवा धरून चारी बाजूंनी मला तपासलं. उजेडाचा एक ठिपका बाहेर आला नाही. हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

ऑरिननं मला घेतलं तेव्हा तो तिशीचा होता. शाळेच्या पाटीएवढी एकेक फिल्म, ती चपट्या चौकटीत भरायची, चौकट माझ्या पाठीत सरकवायची. फिल्मवर एक झाकणपट्टी असते. तिची एक कड पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी. फोटो काढला की पट्टी उलटी करून घालायची, काळी कड बाहेर. एवढंच शिकायचं असतं, आणि एवढ्यातच माणसं चुकतात.

नदीवर खाली धरण बांधत होते. पाणी चढणार, दरी बुडणार, आजूबाजूच्या सगळ्या घळी बुडणार. त्याआधी एकेक कातळभिंत फिल्मवर घ्यायची असं ऑरिनच्या डोक्यात बसलं. बरोबर त्याची बायको अर्विला आणि तिचा भाऊ व्हर्ल. व्हर्ल नाव वल्हवायचा, अर्विला चौकटी सांभाळायची. जेवायला गार बीन्स आणि डब्यातले पीच. दोन वर्षांत शेकडो भिंती मी पाहिल्या, सगळ्या उलट्या, कारण माझ्या दुधी काचेवर जग डोकं खाली करूनच उतरतं.

एका ऑगस्टमधल्या दुपारी आम्ही एका अरुंद घळीत होतो. शेवटी एक कपार, देवळाच्या गाभाऱ्यासारखी. उजेड इतका कमी की एका फोटोला चार मिनिटं लागायची.

"दगडांचे फोटो ढीगभर," अर्विला म्हणाली. "माझा एक नाही."

"दगड हलत नाहीत," ऑरिन म्हणाला.

"मीही हलणार नाही. लावतोस पैज?"

"तू? तू झोपेतसुद्धा हलतेस."

ती कपारीत जाऊन उभी राहिली. टोपी हातात, पाठ भिंतीला. मी डोळा उघडला. चार मिनिटं. मधे तिच्या हनुवटीवर माशी बसली, चालली, ओठापर्यंत गेली. बाई हलली नाही. मी डोळा मिटला तशी ती ओरडली, "हलले का? सांग ना, हलले का?"

"हललीस की! भुतासारखी दिसशील," ऑरिन म्हणाला आणि हसत सुटला. तो माणूस कामात कधी हसत नसे. त्या हसण्यात त्यानं पट्टी परत घातली, ती उलटी न करता. पांढरी कड बाहेर राहिली. मी बघितलं. सांगणार कुणाला?

व्हर्ल नावेपाशी होता. आम्ही तिघं वर चढून कड्यावर आलो. मी ऑरिनच्या खांद्यावर, तिपाईसकट. वर आल्यावर त्याला दिसलं, माझ्यावर टाकायचं काळं फडकं खालीच राहिलं.

"जा ना, आण पटकन."

ती गेली. आभाळ निळंशार होतं. पाऊस पडला होता तो दूर, डोंगराच्या माथ्यावर. आम्हाला काय कळणार. आधी वाऱ्यासारखा आवाज आला. मग घळीच्या वळणावरून लाल पाणी आलं, झाडं घेऊन. अर्विलानं वर पाहिलं, हात उंच केला. चार पावलं उतरून वाकलं असतं तर हात पुरला असता. ऑरिन उतरला नाही. दोन्ही हातांनी त्यानं मला छातीशी धरलं होतं आणि तसाच तिचं नाव घेऊन ओरडत राहिला. मला खाली ठेवलं नाही.

मग पळताना ऑरिनकडची चौकटींची पिशवी दगडावर आपटली. एक झाकणपट्टी निसटून त्या फिल्मवर ऊन सांडलं. घरी काळ्या कडेच्या फिल्मा धुतल्या तेव्हा ती एक नुसती काळीठिक्कर निघाली. ऑरिनला वाटलं, हीच अर्विलाची. त्यानं माझ्या भात्यावर थोबाडीत मारावी तशी मारली. "भोक आहे या खोक्याला! तिचा एकुलता एक फोटो खाल्ला यानं!"

वर्षभर त्यानं मला हात लावला नाही. पुढल्या उन्हाळ्यात पाणी चढत चढत कपारीच्या उंबऱ्याशी आलं, तेव्हा व्हर्लबरोबर नावेतून गेला. शेजारच्या खडकावर मला उभं केलं. जुन्या पिशवीतली पांढऱ्या कडेची चौकट काढली, कोरी समजून. रिकाम्या कपारीचा फोटो घेतला.

फिल्म धुतली तर पाण्यावर अर्विला उभी. टोपी हातात, आणि तिच्या अंगातून भिंत दिसतेय.

"दाजी," व्हर्ल बराच वेळ बघून म्हणाला, "पांढरी कड बाहेर राहिली होती. एकाच फिल्मवर दोनदा काढलंत तुम्ही."

"माझ्या हातून असं होत नाही. ती आली होती. माफ करून गेली मला."

"ती आली नाही, दाजी. तुम्ही पाठवली होतीत, फडकं आणायला."

त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. व्हर्ल मेला तरी नाही. ऑरिन शेवटचं बोलला ते मला व्हर्लच्या दारात आणून टाकताना, "घे हे भोकाचं खोकं" म्हणून. मॅरेन ही व्हर्लची नात. भुताची गोष्ट गावभर झाली ती ऑरिनच्या तोंडून.

आणि मी? भूत नसतं, हे पुन्हा सांगतो. पण चार मिनिटं एका बाईला टक लावून बघितलं की ती कुठं जात नाही. दुधी काचेवर उजेड पडला की ती असते, डोकं खाली, हनुवटीवर माशी.

गेल्या उन्हाळ्यात धरणाचं तळं आटलं. भिंतींना भांड्याला चढतो तसा क्षाराचा पांढरा थर, आणि त्याखाली कपार पुन्हा उघडी, गाळानं भरलेली. मॅरेननं मला आणि नव्वदी ओलांडलेल्या ऑरिनला नावेत घातलं.

"एकदा बघा, ऑरिनआजोबा. मग पुठ्ठ्यावर काय लिहायचं ते तुम्हीच सांगा."

तिपाईवर मला उभं केलं. फिल्म नव्हतीच. म्हातारा काळ्या फडक्याखाली शिरला. माझ्या काचेला त्याचा श्वास लागत होता. खूप वेळ लागला. मग आतल्या आत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "नाही हललीस गं."

बाहेर येऊन खडकावर बसला. "तुझा आजोबा खरं बोलला होता," मॅरेनला म्हणाला. "पांढरी कड बाहेर राहिली होती. मला फोटो बघताक्षणीच कळलं होतं. आणि फडकं आणायला मी पाठवलं. हातात कॅमेरा होता. खाली ठेवायचं सुचलं नाही." मॅरेननं त्याचा हात धरला.

"मग कॅमेऱ्याचं काय लिहू?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होतो. साठ वर्षं बघत होतो.

"ते खोकं?" तो म्हणाला. "भात्याला भोक होतंच त्याच्या."

नव्हतं. आत दिवा धरा, अंधारात न्या, चारी बाजूंनी तपासा. बायकोची माफी त्यानं कशी मागितली ते त्याचं तो जाणे. माझी मागायची अजून बाकी आहे. पुठ्ठ्यावर नाव लिहायचंच असेल तर भुताचं नको, चुकला त्याचं लिहा: ऑरिन टॅगर्ट.