एकावन्न सेकंद

संगितानं हातरुमालाची गाठ सोडली आणि आतली रॅमची हिरवी पट्टी काउंटरवर ठेवली.

"दादा, अशीच आणखी एक हवी. आजच."

शैलेशनं समोरच्या उघड्या लॅपटॉपवरून मान वर केली. डहाणू स्टेशनजवळच्या त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात दुपारी तीनच्या सुमारास सहसा कुणी फिरकत नसे. पंख्याखालच्या स्टुलावर त्याचे वडील, अण्णा, पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसले होते. मुलगी शैलेशच्या लक्षात होती. हीच पट्टी तिनं गेल्या आठवड्यात त्याच्याकडून नेली होती.

"का, बिघडली?"

"नाही, चालते. माप दाखवायला कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनमधून काढून आणली. पण हिनं काही फरक पडला नाही."

"मग दुसरीनं कसा पडेल?"

तिनं खांद्यावरची सॅक नीट केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, विषय कंप्युटर सायन्स. राहायला तलासरीकडच्या वेवजीच्या एका पाड्यावर. उद्या दहा वाजता प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक येणार, प्रत्येकाला पंधरा मिनिटं देणार आणि प्रोग्रॅम त्यांच्यासमोर चालवून दाखवायचा. तिच्या प्रोग्रॅमला अडतीस मिनिटं लागत होती.

"नवी पट्टी घालून सदतीस," ती म्हणाली.

"करतो काय तुझा प्रोग्रॅम?"

"धक्के जुळवतो. भूकंपाचे."

तलासरीकडच्या धक्क्यांबद्दल डहाणूत कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. अण्णांनी पेपर खाली केला. संगितानं घरात काय केलं होतं ते सांगितलं. भावाचा, मनिषचा, जुना मोबाइल तिनं घरकुलाच्या जमिनीवर स्क्रूनं पक्का बसवला होता. मोबाइल आडवा धरला की चित्रही आडवं होतं, ते आतल्या ज्या बारीकशा तुकड्यामुळे, तोच तुकडा जमीन हलली तरी नोंद करतो. दहा महिने त्या मोबाइलनं प्रत्येक धक्का टिपला होता. आता कुठला धक्का कुठल्या धक्क्यासारखा, हे तिला बघायचं होतं. परीक्षेपुरते तिनं त्यातले तीनच महिन्यांचे धक्के घेतले होते. एकाच जागेवरून येणाऱ्या धक्क्यांचा आकार एकसारखा असतो.

"आमचं जुनं घर कुडाचं होतं. ते डुलायचं आणि परत उभं राहायचं," ती म्हणाली. "घरकुल विटांचं आहे. त्याला चिरा गेल्यात. आईबाबा बाहेर ताडपत्रीखाली झोपतात. बाबा म्हणतो, भिंतीला टेकू देतो. पण कुठल्या भिंतीला, ते कोण सांगणार?"

शैलेशनं काउंटरवरची पट्टी रुमालात परत गुंडाळली आणि तिच्याकडे सरकवली.

"रॅम राहू दे. प्रोग्रॅम आणलायस?"

तिनं पेन ड्राइव्ह काढला.

शैलेश आठ वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत होता. दुसऱ्यांनी लिहिलेले संथ प्रोग्रॅम वेगानं पळवायचे, एवढंच त्याचं काम होतं. आई गेल्यावर अण्णा डहाणू सोडून यायला तयार होईनात. रेल्वेच्या सिग्नल खात्यात इथंच त्यांची सगळी नोकरी झाली होती. मग शैलेशच परत आला. दुकानाला आता सहा वर्षं होत आली होती. लोक येत ते मोडलेली बिजागरी, अडकलेला प्रिंटर, फुटलेली काच घेऊन. संथ मशीन घेऊन येणारा प्रत्येक जण म्हणे, रॅम वाढवून द्या, आणि शैलेश वाढवून देई. या सहा वर्षांत कुणी त्याला प्रोग्रॅम दाखवला नव्हता.

त्यानं दुकानातल्या मशीनवर प्रोग्रॅम सुरू करून दिला, घड्याळ बघितलं आणि कोडच्या ओळी वाचायला लागला. वाचता वाचता त्याची खुर्ची पुढे पुढे सरकत गेली. दाराशी एक गिऱ्हाईक कार्ट्रिज हातात घेऊन उभं राहिलं. शैलेशनं मागे वळूनही बघितलं नाही.

"उद्या या," अण्णा त्या माणसाला म्हणाले.

वाचून झाल्यावर शैलेशनं टेबलावरचा लॅपटॉप जवळ ओढला. त्याच्या बिजागरीला सहा स्क्रू बसवायचे राहिले होते.

"मागच्या रॅकवर तीन नंबरचा डबा आहे. त्यातला एक स्क्रू आण."

संगितानं आणून दिला. त्यानं तो पिळून बसवला.

"आणखी एक."

ती पुन्हा आत गेली. तिसऱ्या वेळी तिनं डबाच उचलून आणला आणि काउंटरवर ठेवला.

"डबा का आणलास?"

"परत लागणारच आहे ना."

"बरोबर." शैलेश आता उभा राहिला होता. "ती रॅक म्हणजे रॅम. हे काउंटर म्हणजे कॅश."

"कॅश कुठे कमी पडली?" अण्णांनी विचारलं.

"ती नाही, अण्णा." शैलेश संगिताकडे वळला. "प्रोसेसरच्या पोटातच थोडीशी मेमरी असते, तिचं नाव कॅश. रॅमपेक्षा कितीतरी लहान, पण हाताशी असते. माझं काउंटर बघ, यावर चार डबे मावतील. रॅकवर शंभर. काम मात्र काउंटरवरच होतं. लागेल तो डबा रॅकवरून इथं आणावा लागतो, आणि सगळा वेळ जातो तो त्या फेऱ्यांत. तू रॅम वाढवलीस म्हणजे रॅक मोठी केलीस. फेऱ्या तेवढ्याच राहिल्या."

संगिता रॅककडे बघत होती.

"पण डबा आला की त्यातले सगळे स्क्रू येतात," ती सावकाश म्हणाली.

"येतात. प्रोसेसर एक आकडा मागतो तेव्हा त्याच्या शेजारचे आकडेही कॅशमध्ये आपोआप येतात. आता तुझा प्रोग्रॅम काय करतो ते तूच वाच."

ती स्क्रीनवर वाकली. तिच्या तक्त्यात एका धक्क्याच्या सगळ्या नोंदी एका ओळीत होत्या. प्रोग्रॅम पहिल्या धक्क्याची पहिली नोंद घेई, मग दुसऱ्या धक्क्याची पहिली नोंद, मग तिसऱ्याची. सगळ्या धक्क्यांमधून फिरून झालं की पुन्हा पहिल्यापाशी येई, दुसऱ्या नोंदीसाठी.

"प्रत्येक डब्यातून एकच स्क्रू काढतोय," ती म्हणाली. "आणि फिरून येईपर्यंत काउंटर भरून जातं. पहिला डबा परत रॅकवर गेलेला असतो."

शैलेशनं कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

पहिला प्रोग्रॅम संपला तेव्हा एकतीस मिनिटं झाली होती. संगितानं दोन ओळींची अदलाबदल केली, आधी एक पूर्ण धक्का, मग पुढचा, आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. तिघंही स्क्रीनसमोर उभे राहिले. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं.

तीन मिनिटं पाच सेकंद.

"तेच मशीन?" अण्णांनी विचारलं.

"तेच मशीन, तीच रॅम," शैलेश म्हणाला. त्याचा आवाज किंचित चढला होता आणि तो पुन्हा खाली आणणं त्याला जमत नव्हतं. "तुमच्या लॅबचं मशीन जुनं आहे, तिथं पावणेचार मिनिटं धर. आकडे तेच आलेत ना, तेवढे ताडून बघ."

आकडे तेच होते. संगितानं पेन ड्राइव्ह काढून सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवला. साडेपाचची बस गाठायची होती. पायरी उतरून ती दोन पावलं परत आली.

"आमच्या लॅबच्या मशीनमध्ये काउंटर केवढं आहे?"

"कॅश? तीन एमबी असेल."

तिनं तळहातावर तीन लिहिलं आणि स्टँडच्या दिशेनं पळाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शैलेश एका प्रिंटरचे रोलर पुसत होता. सव्वादहाला तो तेच रोलर पुसत होता. अण्णा शब्दकोडं न उघडताच घरी निघून गेले आणि जाताना, जेवण घेऊन साडेबाराला येतो, असं सांगून गेले. अकरा वाजता एक बाई मुलाचा लॅपटॉप घेऊन आल्या. फार संथ चालतो, रॅम टाकून द्या, म्हणाल्या. शैलेशनं त्यांना बसायला स्टूल दिलं आणि मुलगा त्यावर नेमकं काय करतो ते विचारलं. त्या गेल्यावर त्यानं पुण्याहून आणलेला आपला जुना लॅपटॉप वरच्या फळीवरून काढला, धूळ झटकली आणि चार्जिंगला लावला.

पावणेबाराला संगिता आली. जवळजवळ धावतच आली असावी, तिला धाप लागली होती.

"चालला?" शैलेशनं विचारलं.

"एकावन्न सेकंद."

"पावणेचार मिनिटं म्हणायचंय तुला."

"नाही दादा. एकावन्न सेकंद."

शैलेशनं हातातलं फडकं खाली ठेवलं. काल त्यानं मनात सगळा हिशेब करून पावणेचार मिनिटं सांगितली होती, आणि असले त्याचे हिशेब सहसा चुकत नसत.

"काय केलंस?"

"बसमध्ये सुचलं. तुमच्या काउंटरवर चारच डबे मावतात ना? मग चारच आणायचे. त्या चारांचं आपसातलं सगळं काम उरकून घ्यायचं आणि मगच ते परत ठेवायचे. मी एक डबा धरून सगळ्या रॅकवरून फिरत होते. म्हणजे प्रत्येक धक्क्यासाठी सगळी रॅक पुन्हा काउंटरवर येत होती." बोलताना तिचे दोन्ही हात हलत होते. "तीन एमबीत किती धक्के मावतात ते काढलं. थोडी जागा सोडून गट केले. घरी कंप्युटर नाही, वहीत लिहून ठेवलं. सकाळी साडेनऊला लॅब उघडल्यावर टाईप केलं. पहिल्यांदा शेवटची काही उत्तरं शून्य आली."

"मग?"

"शेवटचा गट अर्धा होता, तो धरायचा राहिला होता. दहाला पाच कमी असताना सापडलं."

शैलेशनं पावतीपुस्तकातला एक कागद फाडला, उलटा केला आणि पेन तिच्यापुढे धरलं. तिनं चौकोन काढले, चौकोनांचे गट पाडले आणि बाण दाखवले. तो काउंटरवर कोपरं टेकून बघत होता. मध्ये एकदा त्यानं विचारलं, गट आणखी लहान केला असता तर? ते तिनं परीक्षेनंतर लॅबमध्ये करून बघितलेलं होतं, वेळ वाढला होता. पुण्याला असल्या गटांवर त्यानं महिनेच्या महिने काम केलं होतं. काल एका दिवसात फार होईल म्हणून त्यानं ते सांगितलं नव्हतं. आता तिच्या बाणांकडे बघताना आपण हसतोय हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

"परीक्षक काय म्हणाले?"

"ते बघत होते तीन महिन्यांचे धक्के. पुष्कळ वेळ उरला होता, म्हणून मी म्हटलं, सर, सगळे दहा महिने लावू का? लावा म्हणाले. साडेनऊ मिनिटं लागली. चौदाव्या मिनिटाला उत्तर आलं." ती थांबली, श्वास घेतला. "दर दहा धक्क्यांतले सहा एकाच आकाराचे आहेत. आणि ते सगळे घराला पूर्व-पश्चिम हलवतात. दरवेळी."

"म्हणजे भिंत..."

"बाबा मागच्या भिंतीला टेकू लावणार होता, उत्तरेच्या. चिरा तिकडं दिसतात म्हणून. पण पडायची भीती आहे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला, धक्का त्यांनाच आत-बाहेर ढकलतो. सर म्हणाले, एका मोबाइलवरून इतकं ठाम बोलू नकोस, इंजिनिअरला दाखव. पण तोवर टेकू लावायला काही हरकत नाही." तिनं स्टेशनच्या घड्याळाकडे बघितलं. "बाराची बस आहे. बाबानं आज बांबू तोडून आणलेत."

"जा मग. हा कागद राहू दे माझ्याकडे."

ती गेली. शैलेशनं कागद समोर ठेवला आणि जुना लॅपटॉप उघडला. साडेबाराला अण्णा डबा घेऊन आले तेव्हा तो टाईप करत होता. अण्णांनी डबा काउंटरवर ठेवला, कागदावरचे चौकोन न्याहाळले.

"ती आली होती?"

"आली होती. एकावन्न सेकंद, अण्णा. अडतीस मिनिटांचं काम." बोटं न थांबवता शैलेशनं गटांबद्दल सांगितलं, साडेनऊ मिनिटांबद्दल, भिंतींबद्दल सांगितलं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि पास झाली का?"

शैलेशचे हात कीबोर्डवर थांबले. त्यानं दाराबाहेर बघितलं. स्टँडवरून बाराची बस केव्हाच निघून गेली होती.

"ते विचारायचंच राहिलं," तो म्हणाला. "तीही काही बोलली नाही."