न थांबणारा माग

धोट्याच्या तक्रारींची यादी रिकामी झाली त्या दिवशी अजिंक्यनं ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. पेढे त्यानं पुण्यात बसून एकट्यानं खाल्ले, फोटो मात्र सगळ्यांना वाटला. सिद्धेश्वरीनं उत्तरादाखल हसणारा चेहरा पाठवला आणि लॅपटॉप मिटला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, आणि का झाला नाही हे तिलाही धड सांगता आलं नसतं.

धोटा ही एक प्रोग्रॅमिंगची भाषा. प्रभुलिंग सरांनी सोलापुरात कॉलेजात शिकवत असताना ती सुरू केली, मागात धावणाऱ्या धोट्याचं नाव तिला दिलं आणि जगाला फुकट खुली करून टाकली. कुणीही उघडून बघावी, चूक सापडली तर कळवावी, अंगात धमक असेल तर दुरुस्तीचा पॅच लिहून पाठवावा. पॅच भाषेत घ्यायचा तर मात्र तिघांपैकी दोघांची मंजुरी लागे. तिघं म्हणजे स्वतः सर आणि त्यांचे दोन जुने विद्यार्थी, अजिंक्य आणि सिद्धेश्वरी. पगार कुणालाच नाही. नोकरी सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन ही मंडळी अनोळखी लोकांच्या चुका निस्तरत बसत, आणि वर एकमेकांशी स्वल्पविरामावरून भांडत. हौस म्हणतात ती हीच.

आधी धोट्यात विद्यार्थी खेळ वगैरे लिहायचे. मग कुणाच्या तरी डोक्यातून मागावर बसवायचा एक छोटा डबा निघाला, त्यातला प्रोग्रॅम धोट्यात लिहिलेला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या शेडमध्ये हे डबे बघता बघता पसरले. आडवा धागा तुटला की डबा माग थांबवायचा. कामगार हात घालून धागा जोडायचा. आतला हात बघायला डब्याला एक सेन्सर होता, कामगार त्याला डोळा म्हणत. धागा जोडलेला आहे आणि आत हात नाही, एवढं डोळ्यानं सांगितलं की डबा माग पुन्हा सुरू करायचा.

पण शेडमध्ये कापूस उडतो. डोळ्यावर त्याचा थर बसला की डोळ्याला काही दिसेना. अशा वेळी काय करायचं, हे सरांनी भाषेच्या मुळातच लिहून ठेवलं होतं: कळत नसेल तर थांब. धोटा थांबायचा, माग थांबायचा, इंटरनेट असेल तिथून यादीत एक तक्रार आपोआप येऊन पडायची. कामगार शिव्या घालत फडकं घेऊन डोळा पुसायचा, की गाडी पुन्हा रुळावर.

त्या शिव्या घालणाऱ्यांत सिद्धेश्वरीचा थोरला भाऊ शिवयोगी होता. कुंभारीत राहायचा, सायकलवरून एमआयडीसीत यायचा. वडील गेल्यावर त्यानं शाळा सोडली आणि माग धरला, म्हणून ही इंजिनिअर झाली. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण ती एकदाही विसरली नव्हती.

"तंगी, तुजा डबा लई रुसका हाय की," तो म्हणायचा. धाकट्या बहिणीला तो कानडीतच हाक मारी, आणि ती त्याला अण्णा म्हणे. "जरा कापूस उडला की बसला फुगून. माग हुबा ऱ्हायला की माजी मजुरी बी हुबीच ऱ्हाती. मालक म्हनतोय, तुज्या बहिनीला सांग."

मालक एकटा नव्हता. यादी या एकाच तक्रारीनं भरून वाहत होती. शेवटी अजिंक्यनं पॅच लिहिला. डोळ्याला दिसेनासं झालं तर थांबायचं नाही. शेवटचं जे दिसलं होतं तेच खरं धरून पुढं चालायचं. पॅच छोटा होता, नीटनेटका होता, सगळ्या टेस्ट पास होत होता. "माग बनवणारी एक कंपनी धोटा घ्यायला तयार आहे," अजिंक्यनं खाली लिहिलं, "फक्त हे सारखं थांबणं थांबवा म्हणतात." सरांनी काहीच लिहिलं नाही. सिद्धेश्वरीनं पॅच वाचला. अण्णाचा वैतागलेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला आणि तिनं मंजुरी दिली; अजिंक्यची स्वतःची धरून दोन झाल्या. भावासाठी काहीतरी करता आलं म्हणून त्या दिवशी ती खुशीत होती.

नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन फिटर शेडशेडमधून फिरला. तक्रारी कमी झाल्या, मग तुरळक झाल्या, मग बंदच पडल्या. उन्हाळा चढत होता. दरवर्षी याच दिवसांत हवा कोरडी पडते, कापूस जास्त उडतो आणि यादी फुगते. यंदा यादीत चिटपाखरू नव्हतं. सिद्धेश्वरी ती पुन्हा पुन्हा उघडून बघायची. घरात लहान मूल फार वेळ गप्प राहिलं की आई हातातलं काम टाकून उठते, तसं तिला वाटत होतं. पण उठून जायचं कुठं, ते कळत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ती कुंभारीला गेली. शिवलीला वहिनीनं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती. अण्णा खुशीत होता. जेवताना त्यानं स्वतःहूनच विषय काढला.

"आता डबा लई गुनी झालाय बग. थांबतच न्हाय. मालक बी खूश."

"डोळ्यावर कापूस बसला तरी?"

"बसंना का. आता पुसायचं कामच उरलं न्हाय. फडकं कुटं गेलं त्ये बी ठाव न्हाय. आदी बंद पडायचा म्हनून पुसायचो. आता कशाला पुसू?"

सिद्धेश्वरीचा घास हातातच राहिला. पॅच लिहिणाऱ्यानं आणि मंजूर करणारीनं एक गोष्ट गृहीत धरली होती, की डोळा घटकाभर झाकला जाईल आणि कुणीतरी तो पुसेल. पण लोक डोळा पुसत होते ते माग थांबायचा म्हणून. थांबणं गेलं, त्याबरोबर पुसणंही गेलं. आता सगळ्या शेडमधले डोळे हळूहळू आंधळे होत असणार आणि डबे शेवटचं दिसलेलं खरं धरून चालत असणार. शेवटचं काय दिसलं होतं? आत हात नाही.

"अण्णा, धागा जोडताना माग बटणानं बंद करतोस का रे?"

"त्यो आपोआप थांबतोय की. बटन दाबून पुन्ना सुरू करायला येळ जातो."

"तरी डोळा पुसत जा. माझं ऐक."

"व्हय, पुसतो की," तो म्हणाला. धाकटी बहीण काहीतरी सांगते तेव्हा थोरला भाऊ जसा हो म्हणतो तसाच. "वाड गं शिवलीला, तिला अजून थोडी."

त्याच वेळी तिनं सांगून टाकायला हवं होतं. माझ्याकडून चूक झाली, तुझा हात जाईल, उद्या कामावर जाऊ नकोस. शब्द जिभेवर आले होते. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्या या लोकांना एक खोड असते. तपासून बघितल्याशिवाय बोलायचं नाही. आपल्या टेबलावर चूक घडवून दाखवता येत नाही तोवर ती चूक नाही, नुसती शंका; आणि नुसत्या शंका घेऊन येणाऱ्यांना ही मंडळी दारातूनच परत पाठवतात. सिद्धेश्वरीनंही आजवर कितीतरी लोकांना तसं पाठवलं होतं. उगीच अण्णाला घाबरवायचं, त्याचा खाडा पाडायचा, आणि मग काहीच निघालं नाही तर? आधी तपासू, मग सांगू, असं तिनं ठरवलं आणि ती हुग्गी संपवून घरी आली.

घरी आल्यावर तपासायचं, तर तिच्याकडचा चाचणीचा जुना डबा माळ्यावर कुठं टाकला होता तो सापडेना. सापडला तर त्याची वायर उंदरांनी कुरतडलेली. सगळं जुळवून तिनं सकाळी डोळ्यावर कापसाचा बोळा चिकटवला, तुटलेल्या धाग्याची खूण दिली, पुढ्यात स्वतःचा हात धरला आणि धागा जोडल्याची खूण दिली. हात तिथंच होता. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. मागाच्या जागी तिनं टेबलावरचा छोटा पंखा जोडला होता, तो गरगर फिरायला लागला. तिनं पुन्हा करून बघितलं. पंखा पुन्हा फिरला. तिनं पंख्याची वायर उपटली.

आता तरी फोन करायचा. पण तिनं आधी पॅच काढून टाकणारा पॅच लिहिला. सवयीनं हात तिकडंच गेले. खाली कारण लिहिलं: "आधीचा बदल मागे घ्यावा. डोळा झाकलेला असताना माग हातावर सुरू होतो. माणसाचा हात जाऊ शकतो."

अजिंक्यचं उत्तर लगेच आलं. "हे तुझ्या टेबलावर झालं. शेडमध्ये झाल्याची एक तरी तक्रार दाखव. यादी रिकामी आहे."

"तक्रार येणारच नाही. थांबल्यावर तक्रार जायची. आपण थांबणंच काढलंय."

"इतके आठवडे माग चालू आहेत, कुणालाही काही झालेलं नाही."

"कारण लोक कालपरवापर्यंत सवयीनं डोळा पुसत होते."

"हा अंदाज झाला. कंपनीचा निर्णय या आठवड्यात आहे. बदल मागे घेतला तर शेडवाले सगळे डबे उपटून फेकतील, मग धोटाही गेला आणि सरांचं आयुष्यभराचं कामही. पुरावा आण, मी लगेच मंजूर करतो."

अजिंक्य वाईट माणूस नव्हता. हेच दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिनंही हेच उत्तर दिलं असतं, आणि याची तिला चीड येत होती. ती मुद्द्याला मुद्दा देत राहिली, तोही देत राहिला. चर्चा लांबत गेली. दोघंही सभ्य भाषेत, एकेक ओळ कोट करून, शांतपणे लिहीत होते. खिडकीबाहेर ऊन पांढरं झालं होतं.

शेवटी तिनं चर्चा सोडली आणि सरांना फोन लावला. पत्नीच्या आजारपणापासून सर कुणाशी फारसं बोलत नसत. तिनं भराभरा सगळं सांगितलं.

"सर, ऐकताय ना?"

"ऐकतोय. तो पॅच मी तेव्हाच वाचला होता."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं आता मोठे झालात. म्हटलं, यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल." सरांचा आवाज एकदम म्हातारा वाटला. "मी देतो मंजुरी. तुझा भाऊ त्या शेडमध्येच आहे ना? त्याला सांगितलंस?"

तिनं फोन ठेवला आणि अण्णाचा नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. पाळी चालू असताना फोन पिशवीत आणि पिशवी खुंटीला, हे तिला माहीत होतं. मालकाचा फोन बंद होता. सरांची मंजुरी आली, बदल मागे घेतला गेला, धोटा पुन्हा थांबायला शिकला. पण तो इथं, लॅपटॉपवर. शेडमधल्या डब्यांना त्याचा पत्ता नव्हता. तिनं नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली, स्कूटर काढली आणि अक्कलकोट रोडला लागली.

रस्ता भाजत होता. समोरून सुताची गाठोडी लादलेला टेम्पो आला, त्यातून कापसाचे तंतू उडून तिच्या हेल्मेटच्या काचेवर बसले. एका हातानं ते पुसत ती गाडी पळवत होती. काल सांगितलं असतं तर, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. अजून काही झालेलं नाही, अजून काही झालेलं नाही, असंही ती स्वतःशी म्हणत होती, आणि हे अजिंक्यचंच वाक्य आपण म्हणतोय हे लक्षात आल्यावर तिनं गाडीचा वेग आणखी वाढवला.

शेडच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा आत सगळे माग चालू होते. त्या खडखडाटात बोललेलं काही ऐकू येत नाही. वॉचमन हातानं विचारत होता, कुणाकडं? ती ओरडून अण्णाचं नाव सांगत होती. तो कानाशी हात नेऊन मान हलवत होता.

मग आवाज कमी व्हायला लागला. आधी एका कोपऱ्यातला, मग त्याच्या शेजारचा. एकेक माग कुणीतरी बटण दाबून बंद करत चाललं होतं. वॉचमननं मागं वळून बघितलं आणि तिला तिथंच सोडून आत धावला. शेवटचा माग थांबला तेव्हा तिला आतली माणसं ऐकू आली. कुणी पाणी मागत होतं, कुणी गाडी काढा म्हणत होतं, कुणीतरी तेलुगूत कुणालातरी सावर म्हणत होतं.

अण्णाला दोघांनी धरून आणलं. तो आपल्या पायांनी चालत होता. उजव्या हाताला मागावरूनच कापून घेतलेला कोरा टॉवेल गुंडाळला होता आणि तो लालभडक झाला होता. सिद्धेश्वरी पुढं धावली आणि एकाला बाजूला करून तिनं त्याचा खांदा धरला. त्यानं तिच्याकडं बघितलं. एवढ्या वेदनेतही त्याला नवल वाटलेलं दिसत होतं.

"तू कशी आलीस?" तो म्हणाला. "आत्ता तर झालं. तुला इतक्यात कुनी सांगितलं?"

टेम्पोचं मागचं फाळकं कुणीतरी उघडलं. सगळे त्याच्या हाताकडं बघत होते, तो मात्र तिच्या उत्तराची वाट बघत उभा होता.

"कुणी नाही, अण्णा," ती म्हणाली. "मला कालच कळलं होतं. तुझ्याकडं जेवताना."

त्याला ते समजायला वेळ लागला. मग त्यानं तिच्या हातातून आपला खांदा सोडवून घेतला आणि शेजारच्या माणसाच्या आधारानं टेम्पोत चढला.