लेलाने बंद डबा सांगितला होता

आमची नोरलेला, म्हणजे लेला, मलेशियातल्या इपोह शहरात लग्नाची जेवणं करते. मी तिच्याकडे मसाले बघते. पाचशे पानांचं रेंदांग, नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, ती हसत हसत उतरवते, पण तिचा खरा जीव तिच्या पांढऱ्या टर्बो गाडीत. सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन सेपांगच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जायचं, ही तिची चैन.

ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्या झाल्या की गाडीचा दम जायचा. बॉनेटखालची तापलेली हवाच इंजिन ओढतंय, हे तिनं ओळखलं. मग महिनाभर तिनं विचारून विचारून लोकांचा पिच्छा पुरवला आणि ठरवलं, की इंजिनचा एअर फिल्टर बंद डब्यातला असावा आणि त्याला हेडलाइटच्या मागून, उंचावरून हवा मिळायला हवी.

गॅरेजवाल्या बद्रुलला हे पटेना. त्याच्याकडे लांब नळीचा संच आला होता. त्यात फिल्टर खाली, बंपरच्या मागे लोंबतो. तिथली हवा गार असते आणि आवाज असा, की रस्त्यावरची माणसं वळून बघतील, असं तो सांगत होता. लेलानं त्याला स्पष्ट सांगितलं, की आमच्या घरच्या वाटेवर रेल्वेच्या पुलाखाली पाणी तुंबतं, खालचा फिल्टर मला नको. बद्रुलनं मान डोलावली.

गाडी गॅरेजला द्यायच्या दिवशी नेमकं मोठं लग्न होतं. म्हणून तिनं नवऱ्याला, शुक्रीला पाठवलं. संध्याकाळी गाडी आली ती गुरगुरतच. लेला भांड्यांच्या राड्यात होती. आवाज वेगळा वाटतोय एवढंच म्हणाली. बॉनेट उघडायला तिला उसंतच मिळाली नाही.

दोन दिवसांनी आम्ही दोघी बाजारातून परत येत होतो. पुलाखाली पाणी होतं, पण अर्धं चाकही बुडेना एवढंच. पुढच्या गाड्या आरामात जात होत्या. आम्ही मध्यावर आलो आणि धाडकन आवाज होऊन इंजिन बंद पडलं. आत पाणी गेलं असताना पुन्हा चालू केलं तर इंजिन मोडतं, म्हणून लेलानं किल्लीला हात लावला नाही. उतरली, गुडघ्यावर बसली, पाण्यात हात घालून बंपरखाली चाचपलं. भिजून लिबलिबीत झालेला फिल्टर तिच्या हाताला लागला.

टोचन लावून गाडी गॅरेजात आणली, तेव्हा शुक्री तिथेच गप्पा छाटत बसला होता. बद्रुल लेलाला काक, म्हणजे ताई, म्हणायचा. त्यानं गाडीकडे पाहिलंही नाही. आधीच म्हणाला, "काक, बंद पडल्यावर तुम्ही परत किल्ली फिरवली असणार. बायका घाबरल्या की हेच करतात."

"मी शेजारी होते," मी म्हटलं. "फिरवली नाही."

लेलानं त्याला तिथल्या तिथे इंजिन खोलायला लावलं. सिलिंडरमधून पाणी निघालं. एक कनेक्टिंग रॉड वाकला होता.

"मी तुला बंद डबा सांगितला होता," ती म्हणाली.

"नंतर अबांग शुक्रींनी हे पसंत केलं. मी त्यांना विचारूनच बसवलं."

एरवी लेला नवऱ्याला, अहो म्हणावं तसं, मानानं अबांग म्हणायची. त्या दिवशी सगळ्यांदेखत तिनं नाव घेतलं.

"शुक्री, मला एक फोन करता आला नाही?"

तो चप्पल जमिनीवर घासत राहिला. "चार लोक बसले होते. त्यांच्यासमोर बायकोला फोन लावून विचारायचं… कसं दिसतं ते?"

"गाडी माझी. चालवते मी. पाण्यातून जाते मी. आणि तुला कसं दिसेल याची काळजी?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण गॅरेजातलं हातोड्याचं काम थांबलं होतं. बद्रुल मध्ये पडायला गेला, की घरातलं भांडण घरात करा. तेव्हा मात्र ती त्याच्यावर उसळली. "घरातलं कसलं? माझं गिऱ्हाइकाचं बोलणं तू कचऱ्यात टाकलंस. मी पुरुष असते तर टाकलं असतंस?"

सुटे भाग खोक्यांत भरून तिनं गाडी टोचन लावून ताइपिंग शहरातल्या एका गॅरेजला नेली. तिथे रॉड बदलून घेतला, बंद डबा स्वतः निवडला, बसवून होईपर्यंत उभी राहिली. घरी ती शुक्रीशी कामापुरतं बोलायची. त्यानं दोनदा माफी मागितली. राग आहे, राहू दे, एवढंच ती म्हणाली.

गाडी तयार झाल्यावर ती सेपांगला गेली. शुक्री मित्राच्या गाडीतून मागून आला. पाचव्या फेरीतही गाडी तितकीच जोरात पळत होती. कुणीतरी त्याला विचारलं, कुठला फिल्टर टाकलास?

"मी नाही टाकला," तो म्हणाला. "तिला विचारा."

लेलानं ते ऐकलं. हेल्मेट काढलं, पाणी प्यायली, आणि विचारायला आलेल्या माणसाला बॉनेट उघडून दाखवू लागली. परतताना शुक्री मित्राच्याच गाडीत बसला. तिनं त्याला बोलावलं नाही.