कुजबुज ऐकू येईल इतपत

हालवारने गाडीच्या उघड्या तळावर गुडघे टेकले आणि बोटाच्या पेराने पत्रा वाजवून पाहिला. रिकाम्या डब्यासारखा ठणठणाट झाला. तिथे त्याने खडूने फुली मारली आणि हातभर पुढे सरकला. शेडच्या दाराशी लोकरी शाल गुंडाळून बसलेली सिग्ने काहीतरी म्हणाली. कोपऱ्यातल्या हीटरच्या पंख्याच्या घरघरीत ते विरून गेलं.

"काय?"

तिने हात हलवला. जाऊ दे.

मागच्या ऑक्टोबरात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाजाच्या जागी नुसता श्वास उरला. स्वयंपाकघरात समोरासमोर बसलं की तिच्या ओठांवरून हालवारला कळायचं. गाडीत मात्र डोळे रस्त्यावर ठेवावे लागत. दर दुसऱ्या बुधवारी तो तिला रोजच्या छोट्या गाडीतून सुंड्सवालच्या हॉस्पिटलात उपचारांसाठी न्यायचा. वाटेत ती काही बोलू लागे, तो "काय?" म्हणे, आणि ती खिडकीबाहेर पाहू लागे. दोन-तीनदा त्याला अर्धंमुर्धं ऐकू आलं होतं. तरीही तो "काय?" म्हणाला होता.

शेडमधली ही जुनी व्होल्वो त्यांनी लग्नाच्या वर्षी घेतली होती. निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं तो तिच्या दुरुस्तीमागे लागला होता. गंज काढून झाला, इंजिन झालं, रंग झाला. राहिलं होतं ते आतलं अस्तर. एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या उन्हाळ्यात मनात असेल ते करून घ्या." त्या दिवसापासून तो जेवायलासुद्धा घाईघाईने येऊ लागला.

हुडिक्सवालला जुन्या गाड्यांच्या सामानाचं दुकान मालीन चालवायची. वडिलांच्या मागे तिनेच ते सांभाळलं होतं. तिने काउंटरवर तीन-चार नमुने मांडले.

"ही डांबरी पट्टी. तापवायची आणि चिकटवायची. पूर्वीपासून हीच वापरतात."

हालवारने ती नाकाशी नेली आणि परत ठेवली. "उन्हात वास सुटेल. सिग्नेला वासाने मळमळतं."

"मग ही रबराची घ्या, वरून चंदेरी पत्रा असलेली. वास नाही. आणि सगळीकडे थापत बसू नका, काका. पत्रा थरथरतो तेवढ्याच ठिकाणी लावली की पुरे."

"आणि इंजिनाची धग?"

"पायापुढच्या पत्र्यावर दोन थर द्या. त्यावर मेंढीच्या लोकरीचा नमदा. ऊबही राहील आणि रस्त्याचा आवाजही गिळेल." मालीनने वही ओढली. "पण तुम्हाला गाडी शांत हवी तरी किती?"

"शेजारचं माणूस कुजबुजलं तर ऐकू यावं."

"अहो हालवारकाका, गाडी बांधताय की चर्च? बाकीचे येतात ते इंजिन मस्त गुरगुरायला पाहिजे म्हणतात. तुम्हाला कुणाची कुजबुज—"

ती मध्येच थांबली. मग आत जाऊन तिने नमद्याची गुंडाळी आणली आणि दाबून दाबून पाहत राहिली.

"जाड घ्या," ती म्हणाली. "पातळ नका घेऊ."

पुढचे तीन आठवडे त्यात गेले. तो पट्टी कापायचा, चिकटवायचा, लाकडी रूळ दाबून फिरवायचा. एका सकाळी सिग्नेने त्याच्या हातातून रूळ घेतला आणि एक दार स्वतः केलं. मध्ये दोनदा दम घ्यायला बसली. झाल्यावर तिने बाहेरून दारावर टिचकी मारली. 'धप्' असा बोदा आवाज आला. ती हसली, नुसतीच, आवाजाविना.

"माझ्यापेक्षा बरं केलंस," हालवार म्हणाला.

तिने ओठ हलवून सावकाश सांगितलं, "ते काही अवघड नाही."

जूनच्या पहिल्या रविवारी गाडी बाहेर निघाली. थर्मासमध्ये कॉफी होती, दालचिनीचे पाव होते. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यापर्यंत जायचं ठरलं होतं. गावातून निघून मोठ्या रस्त्याला लागल्यावर हालवारने वेग ऐंशीपर्यंत नेला आणि कान टवकारले. इंजिन कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या अंगणात चालू असल्यासारखं वाटत होतं. सिग्नेच्या मांडीवरच्या कागदी पिशवीची सळसळ त्याला स्पष्ट ऐकू आली. आता ती बर्चची पालवी दाखवेल, कुणाचं घर नव्याने रंगवलंय ते सांगेल, आणि आपल्याला सगळं ऐकू येईल.

"हालवार."

"बोल."

"बुधवारी मी जाणार नाहीये."

समोर सरळ रस्ता होता. त्याने स्टिअरिंगवरचा एक हात काढला, पँटला पुसला, परत ठेवला. 'काय?' हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. तो त्याने तिथेच ठेवला.

"कधी ठरवलंस?"

"फेब्रुवारीत. सांगत होते तुला."

"हो," तो म्हणाला. "ठाऊक आहे."

पुढे बसथांब्याची रिकामी जागा आली. त्याने तिथे गाडी वळवली आणि इंजिन बंद केलं. सिग्नेने थर्मास उघडून झाकणात कॉफी ओतली आणि त्याच्या हातात दिली. ती प्यायला त्याला वेळ लागला.

"मग डॉक्टरीणबाईंना कळवायला हवं," तो म्हणाला.

"उद्या सकाळी फोन कर."

"मी?"

"माझा आवाज फोनवर पोचत नाही रे."

लाकडं लादलेला एक ट्रक शेजारून गेला. गाडी किंचित हलली.

"काय सांगू त्यांना?"

"सरळ सांग. म्हणून बघ एकदा."

हालवारने घसा खाकरला. काचेतून समोर पाहत, एखाद्या अनोळखी बाईशी बोलावं तसं तो म्हणाला, "नमस्कार. मी हालवार बोलतोय, सिग्नेचा नवरा. सिग्ने या बुधवारी येणार नाही."

"'या बुधवारी' नको," सिग्ने म्हणाली. "'यापुढे' म्हण."

तिने त्याच्या हातातलं रिकामं झाकण काढून घेतलं. हालवारने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.