दुकानाच्या दारातली हसरी बाई

मी एक जुनी पुठ्ठ्याची बाई आहे, मित्रांनो. चेहरा एका गाजलेल्या नटीचा, हातात केसांच्या तेलाची बाटली आणि पाठीला उभं राहण्यापुरता एक घडीचा टेकू. छापखान्यात एका दिवसात माझ्यासारख्या दोनशे जणी कापल्या गेल्या. त्या नटीला मी कधी पाहिलं नाही आणि तिनेही मला.

माझी नेमणूक झाली एका औषधाच्या दुकानात, अगदी दारातच. दुकानदार रोज सकाळी मऊ फडक्याने माझं तोंड पुसायचा. माझा भांग डावीकडे आहे. महिन्याभरात गल्लीतल्या निम्म्या मुलींचा भांग डावीकडे सरकला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तेल घ्यावं की नाही म्हणून कुणी घुटमळलं, की दुकानदार माझ्याकडे बोट करायचा. "अहो, एवढी मोठी बाई खोटं बोलेल का?" बाटली खपलीच म्हणून समजा. त्या तेलाने त्याच्या स्वतःच्या टकलावर एकही केस उगवला नव्हता, पण ते कोण बघतंय!

दुकानदाराची आई दिवसभर आत स्टुलावर बसायची. तिला रक्तदाब होता. अकरा वाजले की मुलगा तिच्या तळहातावर गोळी ठेवायचा, पाणी द्यायचा आणि पुन्हा गिऱ्हाइकांकडे वळायचा.

एके दुपारी दुकानातल्या टीव्हीवर माझ्याच चेहऱ्याच्या नटीची मुलाखत लागली. ती हसत म्हणाली, "मी तर सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. मन खंबीर असलं की औषध लागतच नाही." आईने तिच्याकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी अकराला ती नुसतं पाणी प्यायली. मुलाची पाठ वळताच उठून माझ्यामागे आली आणि गोळी टेकूच्या घडीत टाकली. "तुझ्यावर भरवसा ठेवलाय हं, बाई," असं हळूच म्हणाली. मग रोजचंच झालं. दोन शेजारणींनाही तिने हा उपाय सांगून टाकला. मला सगळं माहीत होतं, पण माझं तोंड पडलं छापलेलं. मी हसत राहिले.

तीन आठवड्यांनी, स्टुलावरून उठताना आईचा तोल गेला. तिने माझा खांदा धरला आणि आम्ही दोघी आडव्या झालो. घडीतल्या गोळ्या फरशीवर घरंगळल्या. आईला उचलायला वाकलेला दुकानदार त्या गोळ्या बघून जागीच थिजला.

आई वाचली, पण उजवा हात लुळा पडला. ती दुकानात परतली त्या दिवशी तिने टीव्हीपासून शेजारणींपर्यंत सगळं सांगून टाकलं, आणि मुलाला राहवलं नाही.

"माझं ऐकलं नाहीस, डॉक्टरांचं ऐकलं नाहीस, आणि त्या टीव्हीतल्या बाईचं ऐकलंस? ती काय तुझी बहीण लागते, आई?"

आई अडखळत म्हणाली, "तूच रोज सांगायचास ना, एवढी मोठी बाई खोटं बोलेल का? लोकांनी ऐकलं तर ते शहाणे, आणि मी ऐकलं तर खुळी?"

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने तेल मागितलं. दुकानदार म्हणाला, "आहे. आधी माझ्या डोक्याकडे बघा, मग ठरवा."

त्या संध्याकाळी त्याने शेजारणींच्या घरी जाऊन दोघींना पुन्हा गोळ्या सुरू करायला लावल्या, आणि मला उचलून मागच्या खोलीत, खोक्यांच्या आड उभं केलं. आता माझं तोंड कुणी पुसत नाही. तक्रार नाही. अकरा वाजता बाहेरून आवाज येतो, "आई, आ कर बघू!" आणि आईचा, "गिळली रे बाबा, गिळली!"

मित्रांनो, हसऱ्या चेहऱ्याकडे खुशाल बघा. भांगही हवा तिकडे पाडा. पण त्याच्या सांगण्यावर भरवसा टाकण्याआधी एकदा त्याच्या मागे जाऊन या. माझ्या मागे कोरा पुठ्ठा आहे. घडीत एक गोळी अजून अडकून आहे.