गालातला घट्टा

शाळेतून आल्या आल्या अपेक्षाने आईचा अंगठा पकडला. कात्रीने पानं कापून कापून तिथं चांगलाच घट्टा पडला होता.

"आई, हे पेशींचं चिलखत गं! सारखा त्रास झाला की त्यांचा थर जाड होतो. आज बाईंनी शिकवलं."

सोजरबाई विड्या वळता वळता हसल्या. "मग माज्या गालात बी चिलखतच हाय की!"

विड्यांतून उरलेली तंबाखू तव्यावर भाजायची, चुरायची आणि तीच मिश्री दातांना लावायची, ही गल्लीतल्या बायकांची रीत. मागं सोजरबाईंच्या गालात शेंगाचटणी झोंबायला लागली, तेव्हा त्यांनी तिथंच मिश्री दाबून धरली. झोंबणं थांबलं, पांढरा चट्टा तेवढा राहिला.

"दुकत न्हाय म्हंजे बरंच झालं. आता तर तुज्या बाईबी तेच म्हणत्यात!"

दुसऱ्या दिवशी अपेक्षाने हे सांगितलं आणि बाईंचा चेहराच उतरला. "अगं, हा अर्धाच धडा आहे. पेशी झेलतात, पण जन्मभर नाही झेलत. आईला दवाखान्यात ने."

अपेक्षा रुसली, भांडली, जेवली नाही. सोजरबाईंचं आपलं एकच, "आता कारखान्यात विड्या द्यायच्यात, पुढच्या सोमवारी जाऊ." असे कितीतरी सोमवार गेले. मग चट्ट्याच्या कडेला लाल, टणक गाठ आली, तेव्हा कुठं त्या निघाल्या.

डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं, कॅन्सर.

"नुसता चट्टा होता तेव्हाच मिश्री सोडली असती, तर कदाचित पेशी माघारी वळून पहिल्यासारख्या झाल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. "आता त्या कुणाचं ऐकत नाहीत. ऑपरेशन करावं लागेल. गालाचा भाग काढायचा, मग बघू."

बाहेरच्या बाकावर सोजरबाई टेकल्या. मग लेकीकडे वळल्या. डॉक्टरांचं त्यांना अर्धंमुर्धंच कळलं होतं. भरवसा होता तो वर्गात पहिली येणाऱ्या पोरीवर.

"आपे, आजपास्नं मिश्रीला हात लावणार न्हाय. तुजी शप्पत. मग हुतंय की न्हाय पयल्यावानी?"

वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत अपेक्षाचा हात वर जायचा. आत्ताही उत्तर तिला येत होतं.

"बोल की गं!"

तिने आईचा हात घट्ट धरला.